गिअर नीट पडत नाहीत? आधी वायर सरकते का ते बघा

गिअरची सायकल नव्याने घेतलेल्यांची कोकणात एक ठरलेली तक्रार असते. खटका दाबला तरी चेन वरच्या चकतीवर चढत नाही, चढली तर खडखडत राहते, आणि ऐन घाटीत गिअर आपोआप सुटतो. मग कोणीतरी सांगतं, वायर सैल झालीय, आवळ. आवळल्यावर दोन-चार दिवस बरे जातात, मग चेन खाली उतरायला कुरकुर करते. पुन्हा सैल करा, पुन्हा आवळा. यात वायरही दमते आणि माणूसही.

किनाऱ्यालगत सायकल ठेवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो मुरुडचा असो, गुहागरचा, देवगडचा की मालवणचा, मी एकच गोष्ट सांगतो. ताण हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, वायर आपल्या नळीतून मोकळी सरकते का? खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जांभ्याची लाल धूळ, तिन्हींचा मारा त्या नळीवर होतो. अडकलेल्या वायरला कितीही नेमका ताण लावा, गिअर धड पडणार नाहीत. म्हणून ताण कसा लावायचा ते पुढे सांगितलं आहेच, पण त्याआधीच्या तपासणीला इथे जास्त जागा दिली आहे.

खटका दाबल्यावर काय होतं

शिफ्टर म्हणजे हँडलवरची गिअर बदलायची दांडी. उजव्या हाताचा शिफ्टर मागच्या गिअरचा. त्याच्या आत एक छोटी चाकी असते आणि वायर तिच्यावर गुंडाळली जाते. एक खटका म्हणजे वायरची ठरलेली लांबी ओढली किंवा सोडली. सायकलीचे गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या 8 गिअरच्या सेटमध्ये ही लांबी साधारण 2.8 मिलिमीटर असते. मागचा डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, ती हालचाल सुमारे 1.7 पटीने वाढवतो, म्हणजे चेन जवळजवळ 4.8 मिलिमीटर आडवी सरकते. 8 गिअरच्या कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या जुडग्यात, शेजारच्या दोन चकत्यांमधलं अंतर तेवढंच असतं. 7 गिअरमध्ये ते 5 मिलिमीटर, 9 मध्ये 4.35. गिअर जितके जास्त, तितकी चुकीला जागा कमी. महागड्या सायकलीचे गिअर लवकर बिघडल्यासारखे वाटतात ते यामुळेच.

शिमानोने 1984 मध्ये ड्युरा-एस सेटमधून खटक्यांची ही पद्धत बाजारात आणली. त्याआधी बहुतेक सायकलींवर दांडी हवी तेवढी सरकवून, आवाज ऐकत, चालवणारा स्वतः चेन जागेवर आणायचा. वायर जराशी सैल असली तरी हात ते सांभाळून घ्यायचा. खटक्याला असं सांभाळून घेता येत नाही. तो ठरलेली लांबी ओढतो आणि थांबतो. त्यातला अर्धा मिलिमीटर सैलपणा काढण्यातच गेला, तर चेन पुढच्या चकतीपर्यंत पोचत नाही. ताण लावायचा तो एवढ्यासाठी.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं निदान तिच्यावर उभं आहे. वायर फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. लहान चकतीवरून मोठ्या चकतीवर, म्हणजे जड गिअरवरून हलक्या गिअरवर चेन नेते ती वायर, तुमच्या अंगठ्याच्या जोरावर. मोठ्या चकतीवरून लहान चकतीवर परत आणते ती डिरेलरमधली स्प्रिंग. अंगठ्यात जोर भरपूर असतो, गंजलेल्या नळीतूनही तो वायर ओढून घेतो. स्प्रिंगमध्ये तेवढा जोर नाही. त्यामुळे नळीत गंज किंवा चिखल बसला की सगळ्यात आधी बिघडतं ते चेनचं खाली उतरणं.

ताण चुकलाय की वायर अडकतेय

चेन मोठ्या चकतीकडे जायला कां-कू करते पण लहान चकतीकडे पटापट उतरते? वायर सैल आहे, सरळ ॲडजस्टरकडे, म्हणजे ताण कमी-जास्त करायच्या फिरकीकडे वळा (पायरी 5).

मोठ्या चकतीकडे लगेच जाते पण उतरताना रेंगाळते? इथे दोन शक्यता असतात, वायर जास्त आवळली गेलीय किंवा ती अडकतेय. फरक ओळखायला सोपी युक्ती आहे. बऱ्याच सायकलींना फ्रेमच्या खालच्या नळीला लागून वायरचा उघडा भाग असतो. कोणाला तरी पायडल फिरवायला सांगा, लहान चकतीकडे एक खटका सोडा, आणि चेन रेंगाळली की त्या उघड्या वायरला बोटाने हलकेच टिचकी मारा. टिचकीसरशी चेन उतरली, तर वायर अडकत होती. टिचकीने काही फरक पडला नाही, तर ताण जास्त आहे.

आणि दोन्हीकडे जायला त्रास होत असेल तर ॲडजस्टरला हातच लावू नका. अशा वेळी बहुतेकदा वायर अडकलेली असते, नाहीतर डिरेलर ज्या कानावर लटकतो तो हँगर वाकलेला असतो.

गेल्या पावसाळ्यानंतर शेजारचा कॉलेजला जाणारा मुलगा सायकल घेऊन आला. म्हणाला, "काका, वायर आवळून आवळून संपली, तरी गिअर धड पडना नाय." ॲडजस्टर खरंच शेवटच्या आट्यापर्यंत बाहेर आला होता. डिरेलरपाशी नळीचा जो अर्धगोल तुकडा असतो तो सोडवून उभा धरला, तर त्यातून तांबूस पाणी ठिबकलं. आतल्या वायरवर बोटभर लांबीचा खडबडीत गंज होता, नखाने खरवडला तर पापुद्रा निघाला. तो तुकडा आणि वायर बदलली, ॲडजस्टर पुन्हा आत फिरवला, आणि ताण लगेच लागला.

हा तुकडाच आधी का जातो, तेही बघण्यासारखं आहे. तो मागच्या चाकालगत, बराच खाली असतो, त्यामुळे चाकाने उडवलेलं सगळं त्याच्यावर. शिवाय पावसाचे थेंब उघड्या वायरवरून ओघळत येतात ते थेट त्याच्या तोंडात शिरतात आणि वळशाच्या खोलगट भागात साचून राहतात. किनाऱ्यावर त्या पाण्यात मीठही असतं.

काय काय लागेल

5 मिलिमीटरची ॲलन की, स्टार स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, जुनं सुती कापड आणि पातळ तेल. शिवणयंत्राचं तेल चांगलं चालतं.

खोबरेल मात्र घालू नका. आपल्याकडे ते घरात हाताशी असतं, म्हणून बिजागरीपासून सायकलपर्यंत सगळीकडे घातलं जातं. पण खोबरेल साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. पौष-माघातल्या पहाटे बाटलीत ते गोठलेलं आपण बघतोच, नळीतही तेच होतं. वर ते लाल धूळ धरून ठेवतं. डब्ल्यूडी-40 चा नेहमीचा फवारा पाणी हटवायला आणि गंज सैल करायला उत्तम, पण वंगण म्हणून तो टिकत नाही. मारलात तर पुसून घ्या आणि मग तेल सोडा.

मागचं चाक जमिनीपासून उचललेलं हवं. दुरुस्तीचं स्टँड नसेल तर पडवीच्या वाशाला सुंभाची दोरी बांधा आणि सीटखाली अडकवा, काम होतं. सायकल उलटी करून ठेवण्याची सवय मात्र सोडा. हँडलवरचे शिफ्टर जमिनीला टेकतात, तिथल्या वायरी दुमडतात, आणि वर-खाली कुठलं यात नवखा माणूस हमखास गोंधळतो.

पायरी 1: चाक आणि हँगर

मागचं चाक फ्रेमच्या खाचेत सरळ बसलंय का ते बघा. मग सायकलच्या मागे बसून डिरेलरकडे एक डोळा मिटून पाहा. डिरेलरच्या दोन छोट्या चाक्या आणि त्यांच्या वरची चकती एका उभ्या रेषेत दिसायला हव्यात. खालची चाकी आरांकडे झुकलेली दिसली, तर हँगर वाकलाय. एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत सायकल उजव्या कुशीवर पडली की हे होतं. हा बाक ताणाने निघत नाही, हँगर सरळ करायचं अवजार असलेल्या मिस्त्रीकडेच जावं लागतं.

पायरी 2: वायर हातात घेऊन सरकवा

पायडल फिरवत चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर न्या. आता पायडल थांबवा. चाक स्थिर असतानाच शिफ्टरचे सगळे खटके लहान चकतीच्या बाजूला सोडून द्या. चेन हलणार नाही, पण वायर पूर्ण सैल पडेल. आता फ्रेमवरच्या खाचांमधून नळीचे तुकडे अलगद बाहेर काढता येतात. खाचा बंद असतील किंवा वायर फ्रेमच्या आतून जात असेल, तर डिरेलरवरचा वायरचा बोल्ट सोडवूनच हे करावं लागेल.

प्रत्येक तुकडा वायरवर पुढे-मागे सरकवा. दोन बोटांनी, जोर न लावता सरकला पाहिजे. कुठे करकर लागली, थांबत थांबत गेला, तर तिथेच तुमचा दोष आहे. नळीखाली झाकलेला वायरचा भाग उघडा करून कापडाने पुसा. कापडावर काळपट मळ आला तर चालेल, तांबूस आला तर वायर जायला लागली आहे. वायरचा पीळ उकलून एखादा तंतू सुटलेला दिसला तर ती वायर बदलायचीच, थांबू नका. तंतू बहुतेकदा शिफ्टरच्या आत, वायरच्या मुंडीजवळ तुटतात, आणि तुटलेला तुकडा आत अडकला तर शिफ्टर उघडून बसावं लागतं.

वायर चांगली असेल तर झाकल्या जाणाऱ्या भागावर तेलाचा थेंब बोटाने पसरा, तुकडे परत खाचेत बसवा. कित्येक सायकली इथेच बऱ्या होतात आणि ताणाला हात लावायची वेळच येत नाही.

पायरी 3: लिमिट स्क्रू फक्त बघा

डिरेलरवर एच आणि एल अशी खूण असलेले दोन छोटे स्क्रू असतात. चेन किती बाहेर आणि किती आत जाऊ शकते, याची ही कुंपणं आहेत. एच लहान चकतीकडचं, एल मोठ्या चकतीकडचं. ताणाशी त्यांचा संबंध नाही. गिअर नीट पडत नाहीत म्हणून हेच स्क्रू आधी फिरवले जातात, आणि मग साधं काम किचकट होऊन बसतं.

चेन सगळ्यात लहान चकतीवर असताना डिरेलरची वरची चाकी बरोबर तिच्याखाली यायला हवी. पायडल हळू फिरवत दुसऱ्या हाताने डिरेलर आतल्या बाजूला ढकला, बोटं चेनपासून लांब ठेवून. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढून तिथेच थांबली पाहिजे. तिच्या पलीकडे जाऊन आरांमध्ये पडण्याची भीती वाटली, तर एल स्क्रू थोडा आवळा. यात हयगय नको. चालत्या सायकलीचा डिरेलर आरांमध्ये गेला तर डिरेलर, हँगर आणि चाक तिन्ही एकदम जातात.

पायरी 4: वायर बांधा

वायरचा बोल्ट सोडवला असेल किंवा नवी वायर घातली असेल तरच ही पायरी. शिफ्टर सगळ्यात लहान चकतीच्या आकड्यावर आणा. एकदा नाही, खटका लागायचा बंद होईपर्यंत दाबा. ॲडजस्टर पूर्ण आत फिरवून एक-दोन फेरे बाहेर काढा, म्हणजे पुढे दोन्ही बाजूंना हलवायला वाव राहतो. वायर बोल्टखालच्या खाचेत बरोबर बसवा. खाच सोडून बोल्टच्या दुसऱ्या अंगाने वायर गेली, तर प्रत्येक खटक्याची ओढ बदलते आणि कुठलाही ताण लागू पडत नाही. हाताने ओढून वायरमधला झोळ काढा. पकडीने ताकद लावून खेचू नका. बोल्ट आवळा. शिमानोच्या मागच्या डिरेलरना साधारण 6 ते 7 न्यूटन मीटर सांगितलेलं असतं, म्हणजे लहान ॲलन कीने हाताचा घट्ट पीळ, त्याहून जास्त नाही.

पायरी 5: ॲडजस्टर, पाव-पाव फेऱ्याने

ॲडजस्टर म्हणजे नळी जिथे डिरेलरमध्ये किंवा शिफ्टरमध्ये शिरते तिथली पोकळ, आट्यांची फिरकी. काही सायकलींना ती एकीकडे असते, काहींना दोन्हीकडे. नळी जिकडून येते त्या बाजूने बघा. घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवलं की फिरकी बाहेर येते आणि ताण वाढतो. काट्यांच्या दिशेने फिरवलं की आत जाते, ताण कमी होतो. कारण कळलं की दिशा पाठ करावी लागत नाही. फिरकी बाहेर आली म्हणजे नळीची वाट लांबली. वायर आहे तेवढीच, म्हणून ती आखडते.

आता चेन सगळ्यात लहान चकतीवर आहे. पायडल फिरवत एकच खटका द्या. चेन दुसऱ्या चकतीवर चढली नाही, तर ताण पाव फेरा वाढवा, पुन्हा बघा. दुसरी सोडून तिसऱ्या चकतीवर गेली, तर ताण पाव फेरा कमी करा. पाव फेरा फारच कमी वाटेल. पण डिरेलरवरच्या फिरकीच्या एका फेऱ्यात वायर साधारण 0.8 मिलिमीटर आखडते, म्हणजे पाव फेऱ्यात 0.2, आणि डिरेलरशी ते 0.35 च्या आसपास होतं. चकत्यांमधलं अंतर 5 मिलिमीटरच्या आत असताना एवढा फरक कानाला स्पष्ट ऐकू येतो.

चेन दुसऱ्या चकतीवर बसली की शिमानोने सांगितलेली कसोटी लावा. खटका पूर्ण न देता शिफ्टरची दांडी नुसती ढिलाई निघेपर्यंत दाबून धरा आणि पायडल फिरवा. चेन तिसऱ्या चकतीला घासून किरकिरली तर ताण अगदी बरोबर. दांडी सोडल्यावर आवाज बंद झाला पाहिजे. दांडी न दाबताही घासत असेल तर ताण जास्त. दाबूनही शांतच राहिली तर ताण कमी. मला ही कसोटी डोळ्याने बघण्यापेक्षा जास्त भरवशाची वाटते.

मग एक-एक करत सगळ्यात मोठ्या चकतीपर्यंत जा आणि तसेच परत या. चढताना अडली तर वाढवा, उतरताना अडली तर कमी करा. एका बाजूला सुधारलं की दुसऱ्या बाजूला बिघडतंय, असं होत राहिलं तर पायरी 2 वर परत जा.

पायरी 6: रस्त्यावर

दोरीवर लटकलेल्या सायकलीला भार नसतो. खरं काय ते चढावर कळतं. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाणाऱ्या आरे-वारेच्या रस्त्यासारखा, लागोपाठ चढ-उतारांचा पट्टा यासाठी उत्तम. शिफ्टरजवळ फिरकी असेल तर चालवता चालवताही पाव फेरा देता येतो.

इथे नवख्यांना एक सांगणं. गिअर घाटी सुरू व्हायच्या आधी टाका. पूर्ण जोर लावून उभ्याने पायडल मारताना खटका दिला, तर बरोबर ताण लावलेली चेनही खाडकन आवाज करत सरकते. चढात टाकावाच लागला तर अर्धा फेरा पाय हलका करा आणि मग खटका द्या.

वायर बदलताना

किनाऱ्यावर आतली वायर स्टेनलेस स्टीलचीच घ्या. साध्या वायरपेक्षा थोडी महाग पडते, पण खाऱ्या हवेत ती जास्त टिकते. गिअरची वायर साधारण 1.2 मिलिमीटर जाडीची, ब्रेकची दीड मिलिमीटरच्या वर. नळीचंही तसंच, गिअरची साधारण 4 मिलिमीटर, ब्रेकची 5. लहान गावातल्या दुकानात ब्रेकचीच नळी मिळते आणि "हीच बसते" म्हणून दिली जाते. घेऊ नका. ब्रेकच्या नळीत पोलादी पट्टी गोल गुंडाळलेली असते, ती ओढीखाली थोडी दबते आणि खटक्याचा हिशेब चुकतो. गिअरच्या नळीत तारा लांबीच्या दिशेने असतात म्हणून ती दबत नाही. उलट चूक तर कधीच करू नका. गिअरची नळी ब्रेकला लावली तर जोरात ब्रेक दाबताना ती फाटू शकते.

नळी पकडीने चेपून कापू नका, केबल कटर वापरा. कापल्यावर आतलं प्लास्टिकचं तोंड दाभणाने गोल करून घ्या आणि दोन्ही टोकांना टोप्या बसवा. वायरचं टोक बोल्टच्या पुढे तीन-चार सेंटिमीटर ठेवून त्यालाही टोपी लावा, नाहीतर पीळ उकलतो.

नवी वायर घातली की पहिल्या काही फेऱ्यांनंतर ताण थोडा कमी होतो. वायर ताणली गेली असं म्हणतात, पण पोलादी वायर फारशी लांबत नाही. नळीची टोकं टोप्यांमध्ये आणि खाचांमध्ये घट्ट बसतात, त्याने सैलपणा येतो. अर्धा फेरा दिला की झालं. नव्या सायकलीचंही हेच.

पाऊस, वाळू आणि फेरीबोट

पाऊस संपला की डिरेलरकडचा तो शेवटचा तुकडा दरवर्षी बदलावा, असं माझं ठाम मत आहे. तो जेमतेम वीतभर-दीडवीत असतो, खर्च किरकोळ. मे महिन्यात वायर पुसून तेल दिलं तर पावसाळा सुखाने जातो.

मुरुड-कर्दे किंवा गुहागरसारख्या लांबलचक किनाऱ्यावर ओल्या वाळूत सायकल चालवायचा मोह सगळ्यांना होतो. चालवा, पण लाटेच्या पाण्यात घालू नका, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. बादली आणि तांब्या पुरे. जोरदार फवाऱ्याने मीठ निघण्याऐवजी पाणी नळीच्या तोंडात घुसतं. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या तरीवर, म्हणजे फेरीबोटीवर, सायकल डाव्या अंगाने टेकवा, म्हणजे डिरेलर मोकळ्या बाजूला राहतो. टेम्पोत चढवताना चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर ठेवा. डिरेलर चाकाच्या आडोशाला आत जातो आणि धक्का लागायची शक्यता कमी होते.

पुढचा गिअर

डाव्या शिफ्टरचं तत्त्व तेच आहे. वायर मोठ्या चकतीकडे ओढते, स्प्रिंग लहान चकतीकडे परत आणते. मोठ्या चकतीवर चढायला अडलं तर डाव्या शिफ्टरजवळची फिरकी बाहेर काढा, उतरायला अडलं तर आत घाला. पण पुढे सगळ्यात लहान आणि मागेही सगळ्यात लहान, किंवा दोन्हीकडे सगळ्यात मोठी, अशी जोडी लावल्यावर चेन पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला घासत असेल, तर काही फिरवू नका. त्या दोन जोड्यांमध्ये चेन फार तिरकी जाते. त्या टाळायच्या, कारण तेवढाच वेग मधल्या एखाद्या जोडीत मिळतो.